कुजबुज्याची टोपली

आमच्या नाटक मंडळीत सगळ्यात मोठा आवाज माझा होता आणि सगळ्यात लहान कुजबुज्याचा. माझ्या आवाजाने शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस जागा व्हायचा. कुजबुज्याच्या आवाजाने मी जागा व्हायचो. दोन्ही कामं सारखीच अवघड, पण टाळ्या एकाच कामाला मिळायच्या आणि त्या मी तेवीस वर्षं बिनदिक्कत घरी घेऊन गेलो.

कुजबुज्या म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि संध्याकाळी डाव्या विंगेत बसून आमची तोंडं तपासायचा. एक स्टूल, एक मिणमिणता दिवा, मांडीवर नाटकाची वही आणि ओळींवरून सरकणारं बोट. नट अडला की तो पुढचे तीन शब्द सोडायचा. तीनच. "दोन दिले तर नट घाबरतो, चार दिले तर आळशी होतो," असं त्याचं म्हणणं. ते तीन शब्द नेमके नटाच्या कानात शिरायचे, पहिल्या रांगेतल्या माणसाला त्यांचा वाराही लागायचा नाही. ही विद्या कुठे शिकलास, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "घरी. आम्ही सात भावंडं, खोली एक, आणि बाबांची रात्रपाळी. ते दिवसा झोपायचे. आम्ही भांडणंसुद्धा कुजबुजत केली."

पुढे आवाज तसाच राहिला. अजूनही भाजीवाली त्याच्यासमोर कंबरेत वाकून उभी राहते. फोनवर लोक चारदा हॅलो म्हणतात आणि ठेवून देतात. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणतात, "लग्नाला यांनी होकार दिला की नाही, हे मला अजून नक्की माहीत नाही. ओठ हललेले दिसले, म्हणून मी पुढे झाले."

या माणसाचे धंद्याचे दोन नियम होते. प्रयोग चालू असताना वहीवरून नजर उचलायची नाही, हा पहिला. दुसरा जास्त कडक. कोणाला वाक्य दिलं, ते पडदा पडल्यावर कोणालाही सांगायचं नाही. आमचे मालक प्रयोगानंतर हटकून विचारायचे, "आज कोण अडलं रे?" कुजबुज्या फक्त आकडा सांगायचा. "आज चार." नाव नाही. मालकांनी दम दिला, गोड बोलून पाहिलं, एकदा नोकरीवरून काढण्याची धमकीही दिली. तो म्हणाला, "कोणाला मूळव्याध आहे, हे डॉक्टर सांगत फिरतो का?" यावर मालक गप्प झाले. त्यांना होती.

एकदा एक नट, आश्चर्य म्हणजे मी नव्हे, भलतंच वाक्य बोलला आणि खापर कुजबुज्यावर फोडून मोकळा झाला. कुजबुज्या भांडला नाही. त्याने एक जुना टेपरेकॉर्डर आणला आणि त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोग स्टुलाखाली ठेवून टेप केला. पुरावा हवा, एवढंच म्हणाला. त्या टेपा म्हणजे एक भन्नाट प्रकार आहे. स्टूल करकरतंय, कुजबुज्याचा श्वास वाऱ्यासारखा घुमतोय, त्याची कुजबूज विजेसारखी कडाडतेय, आणि आम्ही नामवंत नट मात्र विहिरीच्या तळातून बोलतोय. माझा मरणाचा प्रवेश, ज्याला बायका रडायच्या, त्या टेपेवर एखादा माणूस न्हाणीघरातून टॉवेल मागतोय असा ऐकू येतो.

निवृत्तीनंतर त्याच्या मुलाने स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना वडिलांना दिला. मग कुजबुज्याने वर्ष-दीड वर्ष खपून सगळ्या टेपा त्यात उतरवल्या. लॅपटॉपचं वय आज बारा, पण यंत्रांच्या हिशेबाने तो आमच्याहून म्हातारा. त्याचं बटण दाबावं, आंघोळ उरकावी, केस विंचरावेत, आणि येऊन पाहावं तर पडद्यावर अजून गोल चक्री फिरत असते. पंखा असा घरघरतो की शेजारी विचारतात, पीठ दळताय का. एंटरची कळ कधीच पडली. तिच्या जागी आमच्या मंडळीच्या कपडेवाल्याने शर्टाचं बटण चिकटवून दिलं आहे. चार भोकांचं, तपकिरी. छान चालतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एकेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या एका नाटकाचा दोनशे चौदावा प्रयोग होता, दुपारचा. मी न्यायाधीश, आणि नायिका नाटकात माझी पत्नी. पहिल्या घंटेला कळलं की नायिकेचा आवाज बसला आहे, तोंडातून नुसती हवा येते आहे. थिएटर भरलेलं. मालक डोकं धरून बसले. त्या वेळी वहिनी नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला येतं सगळं." खरंच येत होतं. कुजबुज्या घरी वही वाचत बसायचा आणि वहिनी भाजी चिरता चिरता ऐकायच्या. दोनशे तेरा प्रयोगांइतकी भाजी चिरून झाली होती. त्यांना शालू नेसवला, तोंडाला रंग लावला आणि ढकललं रंगमंचावर. आयुष्यातला पहिला प्रयोग आणि शेवटचाही.

प्रयोग झाला. टाळ्या पडल्या. मालकांनी विचारलं, "आज किती?"

"अकरा," कुजबुज्या म्हणाला.

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. साहजिकच होतं. नवखी बाई, भलामोठा भाग, अकरा म्हणजे काहीच नव्हे. मीसुद्धा पाहिलं, अगदी मायेने. म्हणालो, "पहिलाच प्रयोग वहिनी, चालायचंच."

"मी एकही घेतलं नाही," वहिनी म्हणाल्या.

सगळे प्रेमाने हसले. तेव्हापासून आजपर्यंत हसताहेत. मंडळीतली माणसं लग्नाला भेटोत, मयताला भेटोत, कपडेवाला वहिनींना लांबूनच दोन हातांची दहा बोटं दाखवतो आणि मग एक बोट वेगळं. मी तर ही गोष्ट जेवणाच्या पंगतींतून शेकडो वेळा सांगितली आहे. कशी बिचारी घाबरली होती, कसं मी तिला सांभाळून नेलं. लोकांना फार आवडायची.

घरात हा खटला एकेचाळीस वर्षं चालला.

"अहो, त्या अकरातली मला किती दिलीत?"

"ते सांगत नसतात."

"मी बायको आहे तुमची."

"म्हणून तर."

"मग टेप लावा."

"टेप कोणाला ऐकवत नसतात."

यानंतर वर्तमानपत्र वर जायचं आणि वहिनी त्या वर्तमानपत्राला पुढचा अर्धा तास बोलायच्या.

मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयाने ठरवलं, की ज्या बायकांनी कधी काळी रंगमंचावर पाय ठेवला, त्यांना रविवारी दुपारी बोलवायचं. प्रत्येकीला पंधरा मिनिटं. वहिनींना बोलावणं आलं. पुढच्या रांगेत जुनी मंडळी बसणार, असंही कळवलं होतं. मंगळवारी सकाळी वहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, हे दात दाखवायला गेलेत. दोन तास येत नाहीत. तुम्ही या. माझी अब्रू त्या डबड्यात अडकली आहे, ती काढायची आहे."

"त्याला न विचारता?"

"विचारून एकेचाळीस वर्षं झाली."

मी गेलो. पंच म्हणून गेलो, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. टेप लागली की वहिनींना अकराचा आकडा मान्य करावा लागेल, मग मी त्यांची समजूत घालीन, आणि रविवारी त्या चारचौघांत नको ते बोलून बसणार नाहीत, असा माझा उदार विचार होता. माझ्या उदार विचारांनी आजवर बऱ्याच लोकांचं नुकसान झालं आहे.

लॅपटॉप सुरू केला. आम्ही चहा प्यायलो. लॅपटॉप सुरूच होत होता. अखेर पडदा दिसला. इतका स्वच्छ की मी चकित झालो. माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर चित्रांचा उकिरडा असतो. इथे मधोमध एक पत्र, खाली घड्याळ आणि कोपऱ्यात एक टोपली. बस. टेपांचा पत्ता नाही. शोधायला गेलो तर यंत्राने लाल पट्टी दाखवली. जागा संपली आहे, आधी जागा करा, मग बोला.

"वहिनी, हे गच्च भरलंय. म्हणून चालत नाही."

"मग रिकामं करा. कपाट भरलं की आपण काय करतो?"

मुलीने मला एकदा शिकवलं होतं की कचरा काढला की यंत्र पळायला लागतं. मी सफाईचं पान उघडलं. त्यात यादी आली. हे इतकं, ते तितकं, सगळं किरकोळ, आणि एका ओळीत कोपऱ्यातली टोपली, सव्वीस जीबी.

"हे बघा. सव्वीस जीबी नुसता कचरा. याने आयुष्यात टोपली ओतलेली नाही."

"घरातली तरी कुठे ओततात? टाका."

"खात्री आहे का, असं विचारतंय."

"यंत्राला कसली खात्री द्यायची? टाका म्हणते ना."

मी शर्टाचं बटण दाबलं.

पुढची पाच मिनिटं म्हणजे माझ्या तांत्रिक आयुष्याचा सर्वोच्च काळ. लाल पट्टी निळी झाली. पंख्याची घरघर थांबली. यंत्राने दीर्घ श्वास घेतला आणि वर्षभर जागेअभावी अडून बसलेलं एक अपडेट आपणहून सुरू केलं. दहा टक्के, वीस टक्के. वहिनींनी कौतुकाने मला दुसरा चहा दिला. टेपा मात्र सापडेनात. हे संपलं की नीट शोधू, असं म्हणत आम्ही बसलो होतो, तेवढ्यात कुजबुज्या आला. गाल सुजलेला, तोंडात कापूस. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"माझी टोपली?" तो म्हणाला.

"ओतली," मी म्हणालो. "सव्वीस जीबी. आभार मानायची गरज नाही."

त्या दिवशी मी कुजबुज्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. खणखणीत आहे. शेजाऱ्यांचं दार उघडलं. तो एवढंच म्हणाला, "सगळे प्रयोग टोपलीत होते."

मग खुर्चीत बसून, कापूस काढून, त्याने आम्हाला समजावलं. डेस्कटॉप म्हणजे रंगमंच. रंगमंचावर चालू प्रवेशाचंच सामान हवं, दुसरं काही दिसता कामा नये. बाकीचं विंगेत, टोपलीत. आमच्या विंगेत प्रॉपर्टीची टोपली असायचीच, तलवारी, तांबे, खोटी पत्रं, सगळं त्यात. प्रवेश संपला की टोपलीत, पुढच्या प्रयोगाला टोपलीतून बाहेर. तो दर आठवड्याला एक टेप टोपलीतून काढायचा, ऐकायचा आणि परत टोपलीत ठेवायचा. सहा वर्षं.

"अरे पण ती कचऱ्याची टोपली आहे," मी म्हणालो.

"तिच्यावर कचरा कुठे लिहिलंय? पुन्हा वापरायचं, असंच लिहिलंय ना?"

मी वाचलं, रिसायकल बिन. तसंच लिहिलं होतं. चूक मंडळीच्या शिस्तीची नव्हती, यंत्राची होती.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, पुरावा नष्ट केलात."

"टाका तुम्ही म्हणालात."

"मी कचरा टाका म्हणाले. माझी अब्रू टाका म्हणाले नव्हते."

आमच्या रस्त्याच्या वळणावर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, बोलायला काटकसरी. दुकान पूर्वी न्हाव्याचं होतं. आरसे आणि ती मागे झुकणारी मोठी खुर्ची त्यांनी तशीच ठेवली आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि आपलं यंत्र उघडलेलं आरशात पाहतं. मी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून नेला, नाटकात मुलगा मेल्यावर नेतात तसा.

"टोपली ओतली," मी म्हणालो. "परत मिळेल का?"

"त्यानंतर काही केलंत?"

"काही नाही. अपडेट चालू आहे. त्रेसष्ट टक्के झालंय," मी जरा अभिमानाने सांगितलं.

बाईंनी लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरी उपटून काढली. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, टोपली ओतली म्हणजे फक्त दारावरची पाटी काढली. माणसं खोलीत असतात. पण खोली रिकामी समजून दुसरं बिऱ्हाड येतं आणि राहायला लागतं. तुमचं हे अपडेट त्रेसष्ट टक्के राहायला आलंय. कोण वाचलं, कोण चिरडलं, ते गुरुवारी सांगते."

मंगळवार ते गुरुवार त्या घरात वर्तमानपत्र वर गेलं नाही. वहिनी बोलल्याच नाहीत. कुजबुज्या मला म्हणाला, "ती बोलत नाहीये." मी म्हटलं, तुला तर हेच हवं होतं. तो म्हणाला, "मला ऐकायची सवय आहे रे."

गुरुवारी आम्ही तिघं दुकानात. बाईंनी सांगितलं, एकशे बेचाळीस तुकडे वाचलेत, पण सगळ्यांची नावं गेलीत. नुसते नंबर आहेत. कुठला तुकडा कुठला, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही.

"मी घरी एकटा ऐकतो," कुजबुज्या म्हणाला.

वहिनी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या. पाय पायरीवर, हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर, डोकं मागे. "मी इथून उठत नाही," त्या म्हणाल्या. "हवं तर दाढी करा."

कुजबुज्याने त्यांच्याकडे आरशातून पाहिलं. मग बाईंना म्हणाला, "लावा. सांगायचं नाही, हा नियम माझा. टेपला काही नियम नाही."

एक एक तुकडा लागू लागला. कुजबुज्या पहिल्या दोन सेकंदांत ओळखायचा, तेही आमच्या आवाजावरून नव्हे, स्टुलावरून. "हे जुनं स्टूल. पुढचा." "याच्या पायाला पट्टी मारली त्या वर्षीचं. पुढचा." शेवटी एका तुकड्याला त्याने हात वर केला. स्टूल अजिबात करकरत नव्हतं.

"हाच. दुसरा अंक. मी हललोच नव्हतो त्या दिवशी. श्वास धरून बसलो होतो."

"अंकभर?" वहिनी म्हणाल्या. "मेला असतात."

मग विहिरीच्या तळातून वहिनींचा आवाज आला. तरणा, स्वच्छ, न अडखळता. एक वाक्य, दुसरं, दहावं. मग शांतता. लांबलचक. वहिनींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग वीज कडाडली, "कायदा आंधळा असेल..."

आणि विहिरीतून माझा भरदार आवाज, "कायदा आंधळा असेल, पण मी आंधळा नाही."

तुकडा पुढे गेला. वहिनी, वहिनी, वहिनी, शांतता, वीज, मी. पुन्हा वहिनी, शांतता, वीज, मी. पाचव्या खेपेला बाईंनी विचारलं, "काका, हे न्यायाधीश कोण?"

"मी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि एका स्क्रूकडे फार लक्ष देऊन पाहू लागल्या.

दुसरा आणि तिसरा अंक मिळून सात. सातच्या सात माझी. तिसऱ्या अंकात तर एका ठिकाणी मी अडलो आणि वीज कडाडायच्या आत वहिनींचाच आवाज आला, "तुम्हाला असंच म्हणायचंय ना, की मी दोषी आहे आणि तरीही निर्दोष आहे?" हे वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं. टाळ्या पडल्या त्याला. माझ्या आठवणीत त्या टाळ्या मला पडल्या होत्या.

मला हे ठाऊक नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. पहिली दोन-तीन वर्षं बहुधा ठाऊक असावं. पण मी वाक्य विसरायचो, तसंच विसरलेलंही विसरायचो. नटाच्या तब्येतीला ते मानवतं. नंतर ती घाबरलेल्या वहिनींची गोष्ट पंगतीपंगतीतून इतक्या वेळा सांगितली, की तीच पाठ झाली. आयुष्यात मी कधीही न अडखळता म्हटलेला तेवढा एकच भाग.

वहिनी खुर्चीतून उठल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलात."

"मी अकरा म्हणालो. तुला दिली, असं कधी म्हणालो का?"

वहिनी आठवू लागल्या. एकेचाळीस वर्षांचं आठवायचं म्हणजे वेळ लागतो. "नाही म्हणालात," त्या शेवटी म्हणाल्या. "पण सगळं जग हसत होतं, तेव्हा नाहीसुद्धा म्हणाला नाहीत."

मान खाली घालून कुजबुज्या आपली नखं पाहत राहिला.

"पहिला अंक लावा," वहिनी म्हणाल्या.

"पहिला अंक नाही," बाई म्हणाल्या. "तिथे अपडेट राहायला आलंय."

"मग त्यातली चार कोणाची?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

"ते सांगत नसतात," कुजबुज्या म्हणाला.

इतक्यावरही हा माणूस हलला नाही. मला खरं तर त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. वहिनी तरातरा निघून गेल्या. बाईंनी वाचलेले तुकडे लॅपटॉपमध्ये भरून दिले, बारा वर्षांचा कचरा, म्हणजे खरोखरचा कचरा, काढून टाकला आणि एक नवा फोल्डर करून त्याला नाव दिलं, विंग. "काका, सामान इथे. टोपलीत नाही." कुजबुज्याने त्या फोल्डरकडे पाहून मान हलवली. त्याला पटलं. टोपली मात्र पडद्यावर कशाला ठेवली आहे, हे त्याला अजून कळलेलं नाही.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. पुढच्या रांगेत कपडेवाला, रंगभूषावाला, दोन जुन्या नायिका, मी, आणि माझ्या डाव्या हाताला कुजबुज्या. बोलायला वहिनी चौथ्या. माइकसमोर उभ्या राहिल्या, कागद न घेता. चष्म्याची गोष्ट सांगितली, शालूची सांगितली, भाजीची सांगितली. लोक हसत होते. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि त्या दिवशी मी एकही वाक्य घेतलं नाही."

कपडेवाल्याने सवयीने दोन्ही हात वर केले. दहा बोटं, मग एक. रांगेत हशा पिकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. कुजबुज्या आपल्या मांडीकडे पाहत होता, जिथे वही असायची. तो काही बोलणार नव्हता. बोलला असता तर तो कुजबुज्या नव्हता. वहिनींनाही ते कळत होतं. सात वाक्यांचा पुरावा त्यांच्याकडे होता, नाव घ्यायला कोणी अडवलं नव्हतं, आणि तरी त्या घेत नव्हत्या. मी त्यांच्या घरात इतके चहा प्यायलो होतो, बहुधा म्हणून.

मी उभा राहिलो. पुढचं सगळं मी घरून ठरवून आलो होतो. पहिल्या अंकातली ती चार वाक्यं कोणाची, मला आठवत नाही. पण जो माणूस दोन अंकांत सात वेळा अडतो, तो पहिल्या अंकात पोपटासारखा बोलला असेल, असं मानण्याइतका मी स्वतःच्या प्रेमात राहिलेलो नाही. चारही माझ्या खाती. भाषण तयार होतं. सुरुवात छोटी, मग क्षणभर थांबायचं, मग मुख्य वाक्य.

"मित्रहो," मी म्हणालो, "मी त्या दिवशीचा न्यायाधीश. आज मला कबुली द्यायची आहे."

थांबलो. आणि वाक्य गेलं.

पार गेलं. डोकं त्या ओतलेल्या टोपलीसारखं स्वच्छ. समोर वहिनी, मागे दोनशे माणसं, कपडेवाल्याचं एक बोट अजून हवेत, आणि मी तोंड उघडून उभा. रंगमंचावर असताना मी कधी इतका घाबरलो नव्हतो, कारण रंगमंचावर असताना डावीकडे कोण आहे, हे मला माहीत असायचं.

डावीकडून, अगदी कानात, तीन शब्द आले. "ती अकरा वाक्यं..."

"ती अकरा वाक्यं माझी होती," मी म्हणालो. शेवटच्या रांगेपर्यंत.

कपडेवाल्याने बोट हळूच खाली घेतलं आणि खिशात घातलं. कुजबुज्या मांडीकडेच पाहत होता, आणि पहिल्या रांगेतल्या कोणालाही काही ऐकू गेलेलं नव्हतं. ऐकलं ते फक्त माइकसमोर उभ्या असलेल्या वहिनींनी.

वहिनींनी माइक जवळ ओढला. "आता बारा, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि पुढचं सांगायला लागल्या.